वाफेचे इंजिन लहान केले तर?



मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भुसावळ मागे पडले की काही वेळाने बुलढाणा जिल्हा लागतो. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी स्थानके एकामागून एक येतात. त्यांपैकी जलंबला मुख्य मार्गातून एक छोटासा फाटा फुटतो आणि तेरा-एक किलोमीटर जाऊन खामगावला संपतो. हा फाटा १८७० साली सुरू झाला. त्या समारंभाला त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. एवढ्याशा रुळांचे एवढे कौतुक कशासाठी? तर कापसासाठी! वऱ्हाडचा कापूस खामगावच्या बाजारात येई आणि तेथून गाठी बांधून मुंबईच्या बंदराकडे जाई. कापूस पिंजण्या-दाबण्याचे कारखाने वाफेवर चालत आणि गाठी ओढणारी गाडीही वाफेवरच चाले.

माझे बालपण याच खामगावात गेले. शाळा सुटली की आम्ही तीन-चार मित्र स्थानकावर जात असू. जलंबहून आलेली गाडी उभी राही, इंजिन सुटे होऊन पाणी घेई, आणि आम्ही तोंड उघडे टाकून त्याच्याकडे पाहत बसू. घरात एखादे यंत्र बंद पेटीत असते; त्याच्या आत काय चालले आहे ते दिसत नाही. वाफेच्या इंजिनाचे तसे नाही. त्याचे दांडे, चाके, सिलिंडर सारे उघडे. आग दिसते, पाणी दिसते, वाफ दिसते. आपणही असे एखादे लहानसे इंजिन करावे, असे मला आठवीत असताना वाटू लागले. त्या वेळी लागलेले वेड आज सत्तरीतही सुटलेले नाही. या छंदाने मला जे विज्ञान शिकविले, त्यातील थोडे आज तुम्हांला सांगणार आहे.

पहिले इंजिन, पहिली फजिती

माझे पहिले बाष्पक, म्हणजे बॉयलर, एका पत्र्याच्या डब्याचे होते. डब्याचे झाकण मी डाखाने झाळून बंद केले. वर एक भोक पाडून त्यात पितळेची बारीक नळी बसविली. नळीतून येणारा वाफेचा झोत पत्र्याच्या भिंगरीवर सोडायचा, म्हणजे भिंगरी फिरेल, असा माझा बेत होता. डब्यात पाणी घालून तो चुलीवर ठेवला. थोड्या वेळाने वाफ आली, भिंगरी फिरू लागली आणि मी आनंदाने नाचू लागलो. नाचण्याच्या भरात पाण्याचा मला विसर पडला. एकाएकी ‘फस्स’ असा आवाज झाला, झाकणाची कड सुटली आणि चुलीतली राख घरभर उडाली. नळीचे तोंड मोकळे होते म्हणून डब्यात दाब फारसा साठला नव्हता. म्हणूनच मी ही हकीकत सांगायला उरलो आहे. नळी कचऱ्याने बंद झाली असती तर काय झाले असते, याचा विचार केला की आजही अंगावर काटा येतो. तुम्ही हा प्रयोग मुळीच करू नका.

दुसऱ्या दिवशी सुटलेले झाकण घेऊन मी स्थानकावर गेलो आणि इंजिनावरच्या एका फायरमनकाकांना दाखविले. ते हसले आणि म्हणाले, “पाणी सरलं का मंग आग बॉयलरच खाते, पोरा!”

या एका वाक्यात मोठे विज्ञान आहे. कथिल आणि शिसे यांचा डाख सुमारे १८३ अंश सेल्सियसला वितळू लागतो. चुलीतल्या जाळाचे तपमान त्याच्या कितीतरी पट असते. मग डाख आधीच का वितळला नाही? कारण आतल्या बाजूला पाणी होते. उघड्या तोंडाच्या भांड्यात पाणी १०० अंशांच्या आसपास उकळत राहते आणि पत्र्याला लागलेली उष्णता लगेच शोषून घेऊन वाफ होते. पाणी आहे तोवर पत्रा तापत नाही. ते संपले की त्याच पत्र्याचे तपमान भराभर चढते आणि डाख वितळतो.

मोठ्या इंजिनातही हाच धोका असतो. म्हणून त्याच्या अग्निपेटीच्या छतात शिशाचा गाभा असलेले बूच बसवीत. पाण्याची पातळी छताच्या खाली गेली की हे शिसे ३२७ अंशांना वितळे, वाफ आणि पाणी खाली आगीत शिरे आणि चालकाला धोक्याची सूचना मिळे. माझ्या डब्यात जे अपघाताने झाले, ते मोठ्या इंजिनात मुद्दाम योजून ठेवलेले होते!

बारावा हिस्सा

पुढे मी तंत्रशिक्षण घेतले. लेथवर कातकाम करायला, कानस सपाट चालवायला, पितळेला आटे पाडायला शिकलो. मग मला वाटले, आता काय अवघड आहे? मोठ्या इंजिनाचे नकाशे घ्यावेत, प्रत्येक माप सारख्या प्रमाणात लहान करावे, की झाले लहान इंजिन!

हे किती खरे आणि किती खोटे, ते आपण एक उदाहरण घेऊन पाहू. आमच्या शेजारच्या मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ नावाची अरुंद मापाची गाडी तुम्ही ऐकली असेल. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे तयार झाले होते. ते १९९४ सालापर्यंत धावत होते. मग त्याच्या जागी डिझेल इंजिन आले, आणि आज त्या रुळांवर गाडीच धावत नाही. शकुंतलेच्या दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. आता हे सारे इंजिन बाराव्या हिश्शाने लहान करू. अडीच फुटांचे होतील अडीच इंच, म्हणजे ६३.५ मिलिमीटर. योगायोग असा, की छोटी इंजिने करणाऱ्या जगभरच्या छांदिष्टांमध्ये अडीच इंची रूळ हे एक जुने, सर्वमान्य माप आहे!

लांबी, रुंदी, उंची यांचा बारावा हिस्सा झाला. पण पृष्ठफळ किती झाले? लांबी आणि रुंदी दोन्ही बाराव्या हिश्शाने घटल्या, म्हणून पृष्ठफळ १२ × १२, म्हणजे १४४ वा हिस्सा झाले. घनफळ तर १२ × १२ × १२, म्हणजे १७२८ वा हिस्सा! लांबी, पृष्ठफळ आणि घनफळ ही तीन भावंडे एकाच वेगाने लहान होत नाहीत. छोट्या इंजिनाच्या साऱ्या गमती आणि साऱ्या अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

आधी फायद्याची बाजू पाहू. दट्ट्यावर वाफ जो जोर लावते, तो वाफेचा दाब गुणिले दट्ट्याचे क्षेत्रफळ इतका असतो. दाब तोच ठेवला, तर जोर १४४ वा हिस्सा होईल. पण इंजिनाचे वजन घनफळाच्या प्रमाणात, म्हणजे १७२८ वा हिस्सा होईल. म्हणजेच स्वतःच्या वजनाच्या मानाने छोटे इंजिन मोठ्यापेक्षा बारा पट जोरदार! मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलते, त्यामागे हेच गणित आहे.

मात्र हा सगळा जोर वापरता येत नाही, कारण चाके रुळांवरून घसरतात. साधारणपणे चाकांवरील वजनाच्या एक-चतुर्थांश एवढीच ओढ रुळावर मिळते. समजा, मूळ इंजिन ३६ टनांचे आहे. त्याची प्रतिकृती सुमारे २१ किलोची होईल. सारे वजन चालकचाकांवर आहे असे धरले, तर ओढ मिळेल सुमारे ५ किलोभार. गुळगुळीत रुळावरून गाडी ओढायला तिच्या वजनाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा जोर लागतो असे मानू. पंचेचाळीस किलोची तीन मुले आणि २० किलोचा गाडा मिळून १५५ किलो झाले. त्यांना लागेल सुमारे ३.१ किलोभार ओढ. म्हणजे पोटाशी धरून उचलता येईल एवढे इंजिन तीन मुलांना बसवून नेऊ शकेल!

लहान वाटीत वरण लवकर गार का होते?

आता तोट्याची बाजू. लग्नाच्या पंगतीत वरणाचे मोठे पातेले तासाभरानेही गरम असते, पण पानातल्या वाटीतले वरण चार घास खाईपर्यंत कोमट होते. उष्णता साठते घनफळात आणि निसटते पृष्ठफळातून. वाटीत घनफळ थोडे, पण त्या मानाने पृष्ठफळ जास्त. आपल्या बाराव्या हिश्शाच्या इंजिनात घनफळाच्या मानाने पृष्ठफळ बारा पट झाले आहे. म्हणजे वाफ सिलिंडरमध्ये शिरते न शिरते तोच तिला चारी बाजूंनी थंड भिंती भेटतात, आणि दट्ट्या ढकलण्याआधीच तिचे पाणी होऊ लागते.

हीच अडचण एका तरुण कारागिरापुढे २६० वर्षांपूर्वी उभी राहिली होती. त्याचे नाव जेम्स वॉट. १७६३ सालच्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक जॉन अँडरसन यांनी त्याच्याकडे एक प्रतिकृती दुरुस्तीला दिली. खाणीतील पाणी उपसणाऱ्या न्यूकोमेनच्या इंजिनाची ती छोटी नक्कल होती. तिचे सिलिंडर अवघे दोन इंच व्यासाचे होते. वॉटने ती नीट जुळविली, आग पेटविली. पण काही हेलकावे घेऊन ती बंद पडे. बाष्पकातली वाफ संपूनच जाई.

‘खेळण्यातली नक्कल आहे, चालायची अशीच’, असे म्हणून दुसऱ्या कोणी ती परत केली असती. वॉटने तसे केले नाही. वाफ जाते तरी कोठे, याचा त्याने शोध घेतला. न्यूकोमेनच्या इंजिनात वाफ सिलिंडरमध्ये भरून मग आत थंड पाण्याचा फवारा सोडीत. वाफेचे पाणी होई, आत पोकळी निर्माण होई आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकली. पण त्या फवाऱ्याने सिलिंडरही थंड होई. पुढच्या खेपेची वाफ आधी ते सिलिंडर तापविण्यातच खर्च होई. एक ग्रॅम वाफेचे १०० अंशांवर पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. तेवढ्या उष्णतेने पाच ग्रॅमहून अधिक बर्फगार पाणी उकळीला येईल! एवढी मोठी संपत्ती दर खेपेला सिलिंडरच्या भिंतीत वाया जात होती.

ही उधळपट्टी मोठ्या इंजिनातही चालूच होती. १७१२ सालापासून ती इंजिने चालत होती आणि दिलेल्या उष्णतेच्या शंभर भागांपैकी एखादाच भाग कामी लावीत होती. पण तेथे सिलिंडर मोठे, पृष्ठफळ त्या मानाने कमी, शिवाय खाणीच्या तोंडाशी कोळसा मुबलक. म्हणून ती कोणाच्या डोळ्यांत आली नाही. लहान प्रतिकृतीत मात्र तो दोष इतका वाढला की यंत्र चालेनासेच झाले. भिंगाखाली बारीक अक्षर मोठे दिसावे, तसे काहीसे हे झाले. फरक एवढाच की येथे यंत्र लहान केल्यामुळे दोष मोठा दिसला!

१७६५ सालच्या मे महिन्यात ग्लासगोच्या हिरवळीवर फिरत असताना वॉटला उपाय सुचला. वाफ गार करायची ती सिलिंडरमध्ये नव्हे, तर शेजारच्या वेगळ्या भांड्यात. म्हणजे सिलिंडर सदा गरम राहील आणि ते भांडे सदा थंड राहील. हाच तो स्वतंत्र संघनक. १७६९ साली त्याला एकस्व मिळाले. पुढे त्याच्या इंजिनांनी कोळशाचा खर्च सुमारे पाऊण हिश्शाने कमी केला. ज्या प्रतिकृतीने वॉटला हे शिकविले, ती ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहे.

आगीची लढाई

उष्णता निसटू नये म्हणून छोट्या बाष्पकाला आणि सिलिंडरला उष्णतारोधक वेष्टन घालता येते. पण आगीचे काय करायचे?

मोठ्या इंजिनात आगीचे तप्त वायू बाष्पकातील शेकडो नळ्यांतून जातात आणि भोवतालचे पाणी तापवितात. या साऱ्या नळ्या बाराव्या हिश्शाने लहान केल्या तर त्या काडीएवढ्या बारीक होतील. त्यांतून वायू पुढे सरकणार नाहीत आणि काजळीने त्या दोन मिनिटांत बुजतील. आपण पत्रा लहान करू शकतो, पण काजळीचा कण किंवा पाण्याचा थेंब लहान करू शकत नाही. निसर्ग आपल्या नकाशाच्या प्रमाणाला बांधलेला नाही!

म्हणूनच शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधील जाणकार म्हणत, की अडीच इंची रुळांवरच्या इंजिनात कोळसा जाळणे व्यर्थ आहे. स्पिरिटचा दिवाच वापरावा. हा वाद ‘मॉडेल इंजिनियर’ या मासिकाच्या पानांवर रंगला. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली सुरू केलेले हे मासिक छांदिष्टांचे जणू विद्यापीठच होते. ‘एल. बी. एस. सी.’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका छांदिष्टाने पैज घेतली. त्याने ‘आयेशा’ नावाचे अडीच इंची इंजिन केले होते. त्यात त्याने मोठ्या इंजिनाची आंधळी नक्कल केली नाही. नळ्या संख्येने कमी पण त्या मानाने रुंद ठेवल्या. सिलिंडरमधून बाहेर पडणारी वाफ धुराड्यात अशा बेताने सोडली की तिच्या ओढीने आगीत भरपूर हवा खेचली जाई. गाडीचा ‘छुक छुक’ आवाज येतो तो याच वाफेच्या झोताचा! १९२४ साली बॅसेट-लोक या नामांकित कंपनीचे ‘चॅलेंजर’ आणि छांदिष्टाची ‘आयेशा’ अशी चाचणी झाली. आयेशाने खरा कोळसा जाळून, खरी माणसे ओढून दाखविली. पुढे चाळीसएक वर्षे हा लेखक आपल्या वाचकांना घरच्या घरी इंजिने कशी करावीत ते सांगत राहिला.

याच बॅसेट-लोक कंपनीची एक गाडी मराठी राजघराण्यातही आहे बरे का! ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंदे घराण्याची चांदीची आगगाडी भोजनाच्या मेजावर रूळ मांडून फिरते. जेवणानंतरचे पदार्थ ती पाहुण्यांसमोर नेते आणि कोणी तिच्यावरचे भांडे उचलले की थांबते. ती मात्र विजेवर चालते.

पुण्याचे भाऊ जोशी

विजेवरून आठवण झाली ती पुण्याच्या भाऊ जोशींची. लहानपणापासून आगगाड्यांचे वेड असलेल्या या गृहस्थांनी ते वेड जन्मभर जपले. छोट्या गाड्या दुरुस्त करणे, जमविणे, स्वतः तयार करणे हे त्यांनी आपला व्यवसाय सांभाळून केले. १९८२ साली पुण्याच्या गोखले हॉलमध्ये त्यांनी आपल्या गाड्यांचे प्रदर्शन भरविले. पुढे १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडमध्ये त्यांचे छोट्या रेल्वेचे कायमचे संग्रहालय उघडले. भाऊ आज हयात नाहीत, पण त्यांची गाडी धावते आहे. तेथे गाड्यांसोबत एक अख्खे छोटे शहरच आहे. रस्ते, पूल, सिग्नल, दिवे, सर्कस, पोहण्याचा तलाव असे सारे त्यात आहे. संधिप्रकाश होऊन दिवे लागतात तेव्हा मोठी माणसेही काचेला नाक लावून पाहत राहतात.

या गाड्यांचे प्रमाण १ : ८७ आहे. जगातील अनेक देशांत मोठे रूळ एकमेकांपासून १४३५ मिलिमीटर अंतरावर असतात. त्याला ८७ ने भागा, येतील १६.५ मिलिमीटर. तेच या छोट्या रुळांचे अंतर. आता तुम्हीच सांगा, अशा गाडीत खरी आग आणि खरी वाफ का चालणार नाही? पृष्ठफळ आणि घनफळ यांचे प्रमाण बारा पट नव्हे, तर ८७ पट बिघडेल! दीड मीटर व्यासाचे बाष्पक बोटाएवढ्या जाडीचे होईल. म्हणून एवढ्या लहान गाड्या विजेच्या मोटरवर चालतात, आणि त्यांच्या धुराड्यातून धूर काढायचा असेल तर आत तेलाचे थेंब तापवितात. २००३ साली हॉर्नबी कंपनीने जवळजवळ एवढीच लहान, पण खऱ्या वाफेवर चालणारी गाडी विकायला काढली. तिच्यातही आग नव्हती. रुळांतून येणाऱ्या विजेने पाणी उकळत असे.

आपण कोठून सुरुवात करावी?

तुमच्यापैकी कोणाला हा छंद लागला, तर वाफेपासून सुरुवात करू नका. पहिले इंजिन हवेवर चालवा. सर्वांत सोपे इंजिन म्हणजे डोलणाऱ्या सिलिंडरचे. त्यात वेगळी झडप नसते. सिलिंडर एका खिळीवर बसविलेले असते आणि चाक फिरते तसे ते डावी-उजवीकडे डोलते. एका बाजूला झुकले की त्याचे भोक हवा आत येण्याच्या छिद्रासमोर येते. दुसऱ्या बाजूला झुकले की हवा बाहेर जाण्याच्या छिद्रासमोर येते. शाळेच्या कार्यशाळेत शिक्षकांच्या मदतीने पितळेच्या नळीचे असे इंजिन करता येईल. सायकलच्या पंपाने ते फिरू लागले, की ते तुमच्या मेहनतीचे खरे प्रमाणपत्र समजा.

बाष्पक मात्र जाणत्या माणसाचेच काम. चांगले छांदिष्ट जाड तांब्याचे बाष्पक करतात आणि त्याचे सांधे साध्या डाखाने नव्हे, तर चांदीमिश्रित डाखाने जोडतात. त्यावर सुरक्षा-झडप, दाबमापक आणि पाण्याची पातळी दाखविणारी काचनळी बसवितात. पहिल्यांदा आग लावण्यापूर्वी त्यात थंड पाणी काठोकाठ भरून, नेहमीच्या दुप्पट दाब देऊन पाहतात. थंड पाणीच का? कारण पाणी जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून त्यात ऊर्जा साठत नाही. सांधा फुटलाच तर चार थेंब गळतील, एवढेच. वाफेचे तसे नाही. नेहमीच्या हवेच्या दाबाला एक लिटर पाण्याची सुमारे १६०० लिटर वाफ होते. दाबून धरलेली वाफ सुटली की ती क्षणात पसरते आणि वाटेत येणाऱ्याला भाजते. म्हणून एक नियम ध्यानात ठेवा: बंद तोंडाचे कोणतेही भांडे कधीही तापवू नये. माझे नशीब चांगले होते. नशिबावर विसंबून विज्ञान शिकायचे नसते.

तोपर्यंत घरी एक सोपा प्रयोग करा. एकाच धातूचा एक मोठा तांब्या आणि एक लहान वाटी घ्या. घरातील मोठ्या माणसाकडून दोन्हींत सारखे गरम पाणी ओतून घ्या. शाळेतून तपमापक मिळवून दर पाच मिनिटांनी दोन्हींचे तपमान वहीत लिहा आणि आलेख काढा. मग तांब्या आणि वाटी यांचे पृष्ठफळ व घनफळ अदमासे मोजून, वाटीचा आलेख अधिक उतरता का आला ते पाहा. जमल्यास दुसऱ्या खेपेला वाटीभोवती लोकरीचा तुकडा गुंडाळा आणि फरक किती पडतो ते नोंदवा. वॉटच्या मापनांची सुरुवात अशाच साध्या साधनांनी झाली होती.

मित्रांनो, लोक मला विचारतात, “या इंजिनाचा उपयोग काय?” खरे आहे. माझ्या टेबलावरचे शकुंतलेचे इंजिन कापसाची एक गाठही ओढणार नाही. ते पुरे व्हायला मला नऊ वर्षे लागली, आणि त्यातली तीन तर नुसती आग धरत नव्हती म्हणून गेली. नकाशात होत्या तेवढ्या नळ्या मी बसविल्या होत्या. शेवटी निम्म्या काढून टाकल्या, उरलेल्या रुंद केल्या, आणि एका पहाटे काटा वर चढू लागला. आमच्या भागातले ते खरे इंजिन आता धावत नाही, ते हाकणारी माणसेही थोडी उरली. पण आग कशी धरते, पाणी केव्हा घालायचे, झडप किती उघडायची, हे माझ्या हातांना ठाऊक झाले आहे. नकाशा पाहून ते कळले नसते. आता शेजारची दोन मुले रविवारी येऊन कानस चालवितात. त्यांना मी पहिला धडा देतो तो फायरमनकाकांचाच: आधी पाण्याकडे पाहा, मग आगीकडे.

आणि जाता जाता एक प्रश्न. हत्ती दिवसभर चरतो खरा, पण स्वतःच्या वजनाच्या मानाने तो थोडेच खातो. एवढीशी चिचुंद्री मात्र स्वतःच्या वजनाच्या मानाने हत्तीच्या कितीतरी पट खाते आणि थोडा वेळ उपाशी राहिली तरी तिचे हाल होतात. असे का? उत्तर कोणाला विचारू नका. तुमची वाटी आणि तांब्याच ते सांगतील.